वाडा पडला की सगळ्यांचं भलं, हा हिशोब कुणी लावला?

पुण्यात पेठांमधल्या जुन्या वाड्यांचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते आपला वारसा चाललाय, काहीतरी करा, दुसरी म्हणते तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून वारशाच्या गप्पा मारू नका, इथे या आणि सकाळी कॉमन संडासच्या रांगेत उभं राहून दाखवा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, पण खऱ्या दुखण्याला दोघंही हात लावत नाहीत असं माझं मत आहे. दुखणं पैशाचं आहे. वाडा पडला किंवा पाडला तर मालकाचा फायदा, भाडेकरूचा फायदा, बिल्डरचा फायदा, आणि परवानगीचे चार्जेस येतात म्हणून महापालिकेचाही फायदा. तोच वाडा नीट दुरुस्त करून उभा ठेवला तर यातल्या एकालाही दमडी मिळत नाही, उलट खिशातून जातात. नियमच असे करून ठेवलेत आणि मग दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळली की आपण पेपरातला फोटो बघून हळहळायचं.

आधी भाड्याचं बघू, कारण सगळी गाठ तिथून सुरू होते. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा युद्ध नुकतंच संपलेलं, फाळणी झालेली, घरांची प्रचंड टंचाई, अशा वेळी मालकांनी लोकांना लुटू नये म्हणून भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. तेव्हा ते योग्यच होतं. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदत वाढवत वाढवत पन्नास वर्षं चालला, आणि १९९९ मध्ये नवीन कायदा केला त्यात मालकाला सूट काय दिली, तर वर्षाला ४ टक्के वाढ. आता ज्या खोलीचं भाडं २००० साली २० रुपये होतं त्यावर दरवर्षी ४ टक्के चक्रवाढीने लावत गेलं तरी पंचवीस वर्षांनी आकडा येतो जेमतेम ५३ रुपये. ५३ रुपयात आज गवंड्याचा चहा आणि वडापाव होईल, गवंडी येणार नाही. अशा वीस बिऱ्हाडांचं महिन्याचं सगळं भाडं गोळा केलं तरी छपराची कौलं शाकारून होत नाहीत, तुळई बदलणं तर सोडाच. बरं, मालक म्हणजे कोणी सरदार-जहागीरदार असतो असंही नाही, बऱ्याच वाड्यांत मालकसुद्धा माडीवरच्या दोन खोल्यांतच राहतो आणि बँकेतली किंवा शाळेतली नोकरी करून रिटायर झालेला असतो. तो दुरुस्ती करत नाही कारण परवडत नाही, भाडेकरू करत नाही कारण भिंत त्याची नाही, आणि केलीच तर मालक कोर्टात जाऊन विनापरवाना बांधकाम केलं म्हणेल ही भीती. म्हणून दोघंही थांबतात.

कशासाठी थांबतात तर महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिशीसाठी. ती आली की कोंडी फुटते. कारण भाडेकरू असलेल्या जुन्या धोकादायक इमारतीच्या रिडेव्हलपमेंटला आपल्या बांधकाम नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, जादा एफएसआयची, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करायच्या परवानगीची, सोय आहे. भाडेकरूला स्वतःच्या नावावर फ्लॅट आणि आत संडास-बाथरूम, मालकाला पैसे किंवा दोन-तीन फ्लॅट, बिल्डरला विकायला वरचे मजले. मी भाडेकरूच्या जागी असतो तर मीही सही केली असती, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग वाडा जितका लवकर धोकादायक होईल तितकं सगळ्यांचं बरं, असा हिशोब आपोआप तयार होतो. कोणी मुद्दाम काही करायलाच लागत नाही, फक्त काही न करता बसलं की पुरतं.

आणि भाऊबंदकी विसरू नका. पेठेतल्या एखाद्या वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड काढून बघा, पणजोबांच्या नावापासून सुरुवात होते आणि वारस लावत लावत वीस-पंचवीस नावं होतात, त्यातले चार जण न्यू जर्सीला, दोघं बेंगळुरूला, एक आत्या वारलेली आणि तिच्या मुलांची नावं अजून लागलेली नाहीत. एवढ्या लोकांनी मिळून दुरुस्तीची वर्गणी काढायची? गणपतीची आरतीसुद्धा एका वेळेला ठरत नाही. वाड्याचे तुकडे करता येत नाहीत, चौक एकाला आणि ओसरी दुसऱ्याला असं होत नाही, पण पाडून फ्लॅट केले की वाटणी एका दिवसात होते. वारसा वाचवा म्हणणाऱ्या मंडळींच्या लिखाणात ही गोष्ट मला कधी दिसत नाही. त्यांच्या लेखी मालक एकतर लोभी असतो नाहीतर अडाणी.

आता वाडा खरंच मोडकळीला येतो कसा ते सांगतो, कारण "लाकडी बांधकाम आहे, जुनं झालं, पडणारच" हे जे सर्रास बोललं जातं ते मला पटत नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, वर कडीपाट म्हणजे लाकडी तक्तपोशी, भिंतीत भाजक्या विटा किंवा वरच्या मजल्याला पांढरी माती, सगळं चुन्यात नाहीतर मातीत. छताचा भार मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर असतो. हे बांधकाम दोन-अडीचशे वर्षं टिकल्याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. पुण्याच्या मध्यात विश्रामबागवाडा उभा आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. यांना मारतं ते पाणी. तुळईचं जे टोक भिंतीत जातं ते आधी कुजतं कारण भिंतीतली ओल तिथे लागते आणि बाहेरून काही दिसत नाही. पूर्वी दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळली जायची, ते बंद झालं. मग वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीवरच मोरी काढली, नंतर तिथेच बाथरूम, नंतर संडास, त्याचे पाइप भिंतीतून, ते गळतात. वर पाण्याच्या टाक्या बसवल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. माती आणि चुना ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात, सिमेंट ती कोंडून धरतं, त्यामुळे बाहेरून चकाचक दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते आणि एक दिवस फुगवटा येतो. लोकांनी हे काही वाईट हेतूने केलं नाही, त्यांना मिळणारा गवंडी सिमेंटचंच काम करतो.

अजून एक. पेठांमधले वाडे एकमेकांना चिकटून आहेत, भिंती बऱ्याचदा सामायिक. शेजारचा वाडा पाडून पार्किंगसाठी पाया खोल खणला की याच्या भिंतीचा आधार गेला. मग याला नोटीस. मग याचं रिडेव्हलपमेंट, मग पुढच्याला तडे. आपण याला जीर्ण होणं म्हणतो, पण निम्म्या वेळेला ती शेजारच्या विकासाची किंमत असते आणि ती विकास करणारा भरत नाही.

नोटिशीआधी स्ट्रक्चरल ऑडिट होतं. इथे इंजिनिअर मंडळी चिडतील पण बोलायलाच पाहिजे. आपल्याकडचं नेहमीचं ऑडिट म्हणजे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, सळईच्या गंजाची टेस्ट, आणि या सगळ्या काँक्रीटच्या टेस्ट आहेत. कॉलेजात चार वर्षं आरसीसी आणि स्टील शिकलेला मुलगा वाड्यात येतो, त्याला कॉलम नाही, बीम नाही, ड्रॉइंग नाही, तो काय लिहिणार? तो स्वतःची सही वाचवणार आणि सी-वन लिहून मोकळा होणार, म्हणजे राहायला अयोग्य, पाडा. त्याच्याही बाजूने बघा, दुरुस्त होईल असं लिहिलं आणि उद्या भिंत पडून माणूस मेला तर हा जेलमध्ये, पाडा लिहिलं तर कोणी विचारत नाही. हा सगळा कल एकाच बाजूला आहे. लाकडाचं कुजलेलं टोक कापून तिथे नवीन लाकडाचा सांधा करता येतो, लोखंडी पट्ट्यांनी बांधता येतो, पण ते सांगणारा माणूस ऑडिटला बोलावलाच जात नाही. मुंबईत एस्प्लनेड मॅन्शनचं, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचं, हेच झालं. ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमधून जहाजाने आणून काळा घोड्याला जोडला, १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ तिथे झाला, आणि २००५ मध्ये एक भाग कोसळला. नंतर एका रिपोर्टने सांगितलं पाडा, दुसऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं दुरुस्त होते, आणि मामला हायकोर्टात. इतकी नावाजलेली इमारत असून ही गत, तर शुक्रवार पेठेतल्या निनावी वाड्यासाठी दुसरं मत कोण मागणार.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की ठीक आहे, वाडा गेला, पण त्या जागी ग्रीन बिल्डिंग आली, सोलर आलं, रेन वॉटर हार्वेस्टिंग आलं, पर्यावरणाचं भलंच झालं ना? हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, त्यामुळे जरा आकडेमोड करू. बांधकाम लाइनमधल्या कोणालाही विचारा, आरसीसी इमारतीला स्क्वेअर फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलोच्या आसपास स्टील लागतं. म्हणजे १००० स्क्वेअर फुटाच्या फ्लॅटला ४०० गोणी, २० टन सिमेंट, आणि ४ टन स्टील. आपल्याकडच्या सिमेंटमागे टनाला ०.६ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा, स्टीलमागे अडीच टन. झाले १२ अधिक १०, बावीस टन. वाळू, विटा, टाइल्स, काच, लिफ्ट, ट्रकचं डिझेल अजून धरलंच नाही. आता या ग्रीन फ्लॅटमध्ये वीज वाचणार, किती, तर महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात २५ टक्के वाचली असं उदारपणे धरू. युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन या हिशोबाने वर्षाला वाचतात सव्वाचारशे किलोच्या आसपास. बावीस टन फिटायला पन्नासेक वर्षं लागतात. आणि आपल्याकडच्या सोसायट्या तिशी-चाळिशीत पुन्हा रिडेव्हलपमेंटला निघतात! म्हणजे कर्ज फिटायच्या आत घरच पाडलं. दुरुस्तीतही कार्बन जातो, चुना भाजतानाही जातो, हे मान्य, पण चुन्याचा गिलावा वाळताना त्यातला काही हवेतून परत ओढून घेतो आणि मुळात दुरुस्तीला लागणारं सामान नव्या बांधकामाच्या मानाने थोडंच असतं. कार्ल एलिफान्टे नावाचा अमेरिकन आर्किटेक्ट म्हणून गेलाय की सगळ्यात ग्रीन इमारत म्हणजे आधीच उभी असलेली इमारत. आपले नियम काय म्हणतात? यूडीसीपीआरमध्ये नवीन इमारतीला ग्रीन रेटिंग मिळालं तर रेटिंगप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय. जे पाडलं त्याची वजावट कुठेच नाही. दोनशे वर्षांचं सागवान आणि काळा दगड ट्रकमध्ये भरून त्या जागेवर प्लॅटिनम ग्रीन रेटिंगची पाटी लावता येते.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळणार नाही. शहराच्या मध्यात जास्त लोक राहिले तर ते चांगलंच, नाहीतर तीच माणसं वाघोली नाहीतर हिंजवडीच्या पुढे राहायला जाणार आणि रोज दोन तास गाडी जाळणार. आता तर कसबा पेठ, मंडई इथे भुयारी मेट्रो स्टेशनं झालीत, मेट्रोजवळ एफएसआय वाढवणं हे कागदावर शहाणपणाचंच आहे. पण पेठा काही रिकाम्या नव्हत्या. वाड्यात वीस-पंचवीस बिऱ्हाडं आधीच दाटीवाटीने राहत होती. नवीन इमारतीत त्यांनाच फ्लॅट, वर विकायचे थोडे, आणि खाली अख्खा मजला पार्किंग, कारण नियमाने गाड्यांची जागा दाखवावीच लागते. माणसं थोडी वाढली, गाड्या कितीतरी वाढल्या, रस्ता तेवढाच राहिला. जिथे ओटा होता, ओट्यावर दुकान होतं, म्हातारी माणसं बसायची, तिथे आता लोखंडी गेट आणि आत अंधारात स्कूटर. मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांच्या चालीवर पार्किंगची सक्ती कशाला हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. ती काढली तर छोट्या प्लॉटवर जुन्याच्या मागे किंवा वर थोडं नवीन जोडून बिऱ्हाडं वाढवता येतात, पूर्ण पाडायला लागत नाही.

शनिवारवाड्याभोवती तर वेगळाच प्रकार. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगीची अट. हेतू चांगला. पण त्या १०० मीटरमध्ये राहणाऱ्या माणसाला बांधायला बंदी केली आणि दुरुस्तीला एक रुपया दिला नाही. दुरुस्ती करता येते, त्यासाठी परवानगीच्या चकरा मारायच्या, पैसे स्वतःचे घालायचे. म्हणजे पाडूनही फायदा नाही आणि राखूनही नाही. तिथले वाडे काय टवटवीत झालेत का? नुसत्या बंदीने इमारत टिकत नाही याचा पुरावा हवा असेल तर कुठे लांब जायला नको. ज्या स्मारकासाठी हे सगळं चाललंय त्याचा आतला वाडा १८२८ च्या आगीतच गेला, उरलेत तट आणि दरवाजे, आणि त्याच्या आजूबाजूचे, माणसं राहत असलेले वाडे ढासळतायत.

भिडे वाड्याचं उदाहरण तर मनाला लागतं. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा, यापेक्षा महत्त्वाची इमारत पुण्यात क्वचित असेल. राष्ट्रीय स्मारक करायचं हे सगळ्यांना मान्य होतं, पण मालकी, भाडेकरू, भरपाई यावर वर्षानुवर्षं कोर्टात गेली, तोवर इमारत खिळखिळी झाली, आणि शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये रात्रीतून वाडा पाडला. आता तिथे नवीन स्मारक होतंय आणि ते व्हायलाच पाहिजे, त्यासाठी लढणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण ज्या जिन्यावरून त्या मुली वर गेल्या असतील तो काही आता बघायला मिळणार नाही. तिथल्या भाडेकरूंशी वीस वर्षं आधी कोणी पैशाचा नीट हिशोब केला असता तर कदाचित दोन्ही मिळालं असतं.

मग करायचं काय. मला वाटतं दुरुस्तीला विकासाइतकीच किंमत द्या, आणि ती देण्याचं हत्यार आपल्याकडे आधीच आहे, त्याचं नाव टीडीआर, म्हणजे एका जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकायचं सर्टिफिकेट. मुंबईत १९९५ मध्ये देशातली पहिली हेरिटेज नियमावली आली तेव्हापासून ही कल्पना आहे की हेरिटेज लिस्टमधल्या इमारतीच्या मालकाला जो एफएसआय वापरता येत नाही तो त्याने दुसरीकडे विकावा. यूडीसीपीआरमध्येही लिस्टमधल्या इमारतींसाठी ती सोय आहे. अडचण अशी की हे लिस्टपुरतं आहे आणि लिस्टमध्ये नाव आलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण बंदी आज लागते आणि टीडीआर कधी मिळेल देव जाणे. लोक आपला वाडा लिस्टमधून काढा म्हणून अर्ज करतात, यातच सगळं आलं. माझं म्हणणं असं की हे उलटं करा. लिस्ट असो नसो, पंचाहत्तर वर्षांवरची जी कोणती भारवाहक भिंतीची किंवा लाकडी सांगाड्याची इमारत मालक आणि भाडेकरू मिळून दुरुस्त करायला तयार असतील त्यांना पाडल्यावर जितका जादा एफएसआय मिळाला असता तितका टीडीआर द्या, तोही टप्प्याटप्प्याने, छप्पर झालं की एक हप्ता, सांगाडा झाला की दुसरा, प्रत्येक बिऱ्हाडाला आत संडास-बाथरूम झालं की तिसरा. काम आधी, सर्टिफिकेट नंतर. टीडीआर वारसांमध्ये वाटता येतो, न्यू जर्सीच्या पुतण्याला त्याचा हिस्सा पैशात देता येतो, म्हणजे भाऊबंदकीवरही तोडगा. शिवाय आत्ताच्या सूत्रात टीडीआर जिथे निर्माण होतो आणि जिथे वापरला जातो त्या दोन ठिकाणच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दरांचं गुणोत्तर धरतात, म्हणजे सदाशिव पेठेतला एक फूट स्वस्त जागेवर एकापेक्षा जास्त फूट होतो. पेठेतल्या माणसाच्या फायद्याचंच आहे हे. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या वस्त्यांमध्ये, जिथे लाकडी घरं आपल्यासारखीच एकमेकांना चिकटून आहेत, छोट्या घरमालकांना असा टीडीआर मिळून विकता आलाय, म्हणजे हे काही स्वप्नरंजन नाही.

टीडीआर कुठेतरी जाऊन उतरणार आणि तिथली गर्दी वाढणार, हेही खरं. बाणेर-बालेवाडीचे लोक म्हणतील तुमचा वाडा वाचवायला आमच्या रस्त्यावर चार मजले जास्त का? त्यांचं चूक नाही. पण वाड्यांचे प्लॉट छोटे आहेत, रस्त्यांच्या आणि आरक्षणांच्या मोबदल्यात निघणाऱ्या टीडीआरपुढे हे काहीच नाही, आणि तो तर आपण डोळे झाकून वाटतोय.

दुसरं, जीएसटी. दुरुस्तीच्या कामाचं रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टरचं बिल आलं की त्यावर १८ टक्के. बांधकाम चालू असलेला नवीन फ्लॅट घेतला तर एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, परवडणाऱ्या घरात बसला तर १. बिल्डरला इनपुट क्रेडिट, म्हणजे सामानावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही त्यामुळे ही तुलना सरळसोट नाही हे मला माहिती आहे, पण सामान्य माणसाला दिसतं काय, तर घर सांभाळलं तर १८ आणि नवीन घेतलं तर ५. जुन्या राहत्या घराच्या दुरुस्तीवर ५ टक्के करायला सरकारच्या तिजोरीला असं काय भगदाड पडणार आहे? शिवाय बँका. रिडेव्हलपमेंटच्या फ्लॅटला लोन चुटकीसरशी, आणि भाडेकरू असलेल्या, पंचवीस वारसांच्या वाड्याच्या दुरुस्तीला लोन मागायला गेलात तर मॅनेजर चहा पाजून परत पाठवतो.

भाड्याच्या प्रश्नाला हात लावायचा तर राजकारण्यांचे पाय लटपटतात, मतं जातात. पण सगळे भाडेकरू एका मापाने मोजायची गरजच नाही. माजघराच्या दोन खोल्यांत पेन्शनवर राहणाऱ्या आजी आणि लक्ष्मी रोडला तोंड करून शोरूम थाटलेला व्यापारी, दोघंही नाममात्र भाडं देतात, हे कुठल्या न्यायात बसतं? १९९९ च्या कायद्याने बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा त्यावर पेड-अप कॅपिटल (भागधारकांनी भरलेलं भांडवल) असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून बाहेर काढलंच आहे, म्हणजे भाडेकरू-भाडेकरूत फरक करायचा नाही असं काही तत्त्व नाही. दुकानांचं भाडं टप्प्याने बाजारभावाकडे न्या आणि ती वाढ त्याच इमारतीच्या दुरुस्तीच्या खात्यात जमा करायची सक्ती करा, मालकाच्या खिशात नाही. आजींना हात लावू नका. कारण वाडा वाचवायचा म्हणजे त्यातली माणसं घालवून तिथे पिवळे दिवे लावून थाळी रेस्टॉरंट काढायचं असं जर होणार असेल तर मग मला त्यात फारसा रस नाही. वाचलेल्या वाड्यांचं बऱ्याच ठिकाणी हेच होतं, भिंती राहतात आणि बिऱ्हाडं जातात.

कारागीर कुठून आणणार हा प्रश्न लोक विचारतात. चुन्याची घाणी, सुरकी म्हणजे विटांची पूड, चुन्यात घालायचा गूळ, बेलफळ, हे सगळं येणारी माणसं कमी झालीत, नाहीशी झालेली नाहीत. महापालिकेने विश्रामबागवाड्याचं, पुण्यातल्या नाना वाड्याचं काम करून घेतलंच की. काम वर्षाला दोन वाड्यांचं असेल तर कोण मुलगा हे शिकेल? दोनशे वाड्यांचं असेल तर आयटीआयमध्ये कोर्स चालेल आणि तो भरेलही.

सगळे वाडे वाचवा असं मी म्हणत नाही. काही खरोखर संपलेत, काहींमध्ये मूळचं काही उरलेलंच नाही, पत्रे आणि पार्टिशन आणि वरून सिमेंट. तिथे राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळून आठवणी जपायचा हक्क कोणालाच नाही. पण पाडायचं तरी धड पाडा. आत्ता जेसीबी लावतात, दोन दिवसात सगळं भुईसपाट, त्याआधी कोरीव खांब, दिंडी दरवाजा, तुळया उचलून कोणीतरी घेऊन जातो आणि ते कुठल्यातरी फार्महाउसच्या नाहीतर रिसॉर्टच्या व्हरांड्यात उभे राहतात, उरलेला राडारोडा रात्री नदीपात्रात. राडारोड्यावर प्रक्रिया करायची केंद्राची नियमावली २०१६ सालीच आली, वाघोलीला प्लांटही आहे, तरी मुठेच्या काठावर ढीग दिसतातच. एक घनमीटर सुकं सागवान साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं आणि त्यातला जवळपास निम्मा कार्बन असतो, जाळला नाही तर तो तिथेच राहतो. जोत्याचा काळा दगड तर पुन्हा जसाच्या तसा वापरता येतो. वाडा सुटा करून उतरवायचा, कुठलं लाकूड किती निघालं, दगड किती, तो पुढे कुठल्या दुरुस्तीला गेला, एवढं पाडण्याच्या परवानगीच्या अर्जावर लिहून मागायला फार मोठा कायदा बदलावा लागू नये, एक रकाना वाढवायचा आहे.